मदत हवी आहे: एल्फिन्स्टन आडनावाचे लोक आज कुठे आहेत?

नमस्कार मंडळी,

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (मुंबईचे गव्हर्नर, १८१९ ते १८२७) यांच्या घराण्याची माहिती जमवतोय. आडनाव गावावरून आलंय, आपल्याकडे निंबळकचे निंबाळकर झाले तसं. एडिनबरोच्या पूर्वेला, ईस्ट लोदियनमध्ये ट्रॅनंटजवळ एल्फिन्स्टन हे खेडं अजून आहे. घराण्यातली मोठी माणसं सहज सापडतात: १४९५ मध्ये ॲबर्डीनचं विद्यापीठ उभारणारे बिशप विल्यम, १५१३ मध्ये फ्लॉडनच्या लढाईत पडलेले पहिले लॉर्ड अलेक्झांडर.

मला हवेत ते साधे एल्फिन्स्टन! शेतकरी, खलाशी, विणकर. ते याच घराण्याच्या धाकट्या शाखांमधले, की त्या गावातून बाहेर पडल्यावर लोकांनी गावाचंच नाव लावलं? आणि आज त्यांची वस्ती कुठे जास्त आहे, स्कॉटलंडमध्येच की कॅनडा-ऑस्ट्रेलियाकडे?

स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंद सक्तीची झाली आणि त्यात आईचं माहेरचं आडनावही असतं, म्हणून तिथून सुरुवात करावी म्हणतो. त्याआधीच्या चर्चच्या वह्या कुणी चाळल्या आहेत का? स्पेलिंगमध्ये शेवटचा 'ई' कधी असतो, कधी नसतो. शोधताना दोन्ही वेगवेगळे टाकावे लागतात का? एडिनबरो-ग्लासगोकडे राहणाऱ्यांनी कृपया जरूर लिहा.