अडीच लाखांत जुनी चारचाकी कोणती? (मोशी ते चाकण, तीन पाळ्या)

प्रेसशॉप_मोशी: नमस्कार मंडळी. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका वेंडर कंपनीत प्रेस मशीनवर आहे. कुरुळी फाट्याला गेल्या पावसाळ्यात बाईकवरून दोनदा आपटलो, त्यात आता घरात सहा महिन्यांचं बाळ. बजेट अडीच लाख, रोख. कर्ज नको, कारण कॉन्ट्रॅक्टवर आहे. मोठ्या कंपनीने ब्लॉक क्लोजर लावला, म्हणजे काही दिवस प्लांट बंद ठेवला, की आधी आमची हजेरी बंद. रोज हजारभर ब्रॅकेट मारतो, पण ते ज्या गाडीला लागतात ती परवडत नाही :) वॅगनआर बघू की अल्टो? बाबा इंडिका म्हणतायत.

नेक्सॉनवाला: अडीच लाखांत गाडी नाही, कटकट येते. सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आलाय. अडीच डाउनपेमेंट भर, नवीन घे. माझी रांजणगावात बनलेली, २२ हजार किमी झाले, एक आवाज नाही.

हिशोबनीस: कर्ज नको म्हणालाय तो. वाचा की राव.

निगडीचा_नाना: मी एकाकडून '४२ हजार किमी, एकहाती' गाडी घेतली होती. क्लच पेडलचं रबर झिजून लोखंड दिसत होतं, तरी मला मीटरच खरा वाटला. वर्कशॉपला नंबर टाकला तर सव्वा लाखाच्या वर पळालेली! भाऊ, मीटर नको, पेडल बघ.

आकुर्डीचे_आजोबा: आमच्या वेळी चेतकचा नंबर लावून वर्षानुवर्षे थांबायचो. लग्नात मुलाकडचे आधी विचारायचे, नंबर लागलाय का? आता तीच चेतक बॅटरीवर आली, तीही आकुर्डीतच बनायला लागली. स्कूटर घे बाळा.

वाळूजवाला: आजोबा, बजाज म्हणजे नुसतं आकुर्डी नाही. वाळूजचा प्लांट १९८५ चा आहे. त्याच्याआधी आमच्याकडे काय होतं, सगळं गाव त्यावर उभं राहिलं.

आकुर्डीचे_आजोबा: मग चाकण? टेल्को, म्हणजे आताची टाटा मोटर्स, पिंपरीत आली तेव्हा तिथे कांद्याचा बाजार होता फक्त.

वाळूजवाला: बाजार अजूनही आहे काका.

हिशोबनीस: बाजार राहू द्या. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर आधी बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५, पैसे नंतर. ट्रान्सफरला २९ आणि ३०. सीएनजी घेतलीस तर किट आरसीवर चढवलंय का बघ, आणि टाकीची हायड्रोटेस्ट (दाबाची चाचणी) तीन वर्षांच्या आतली हवी. परराज्यातली स्वस्त दिसते, पण इथला टॅक्स भरला की स्वस्ताई संपली. माझं मत, वॅगनआर सीएनजी.

तळेगाव_दाभाडे: जनरल मोटर्सचा इथला प्लांट २०२० संपता संपता थांबला. आता ह्युंदाईकडे आहे, पण मधली वर्षं आमच्या गल्लीने बघितलीत. हप्ते चालू, पगार बंद. कर्ज घेऊ नकोस हे मीही सांगतो.

नेक्सॉनवाला: घाबरून कोणी गाड्याच घेतल्या नाहीत तर तुमच्या प्रेस चालणार कशा?

प्रेसशॉप_मोशी: दादा, माझा हप्ता तुम्ही भरा, मी उद्या बुक करतो.

निगडीचा_नाना: पेडल बघ रे. परत सांगतो.

कंपनी_बस: चाकणच्या तळेगाव चौकात तासभर फर्स्ट गिअरला उभं राहायला गाडी कशाला? बसला पास काढ आणि झोप काढत जा.

प्रेसशॉप_मोशी: बस पर्मनंटवाल्यांना, दादा.

*(नऊ दिवसांनी)*

प्रेसशॉप_मोशी: झालं एकदाचं. २०१२ ची इंडिका डिझेल, एमएच १४, एक लाख दहा हजार. वॅगनआर दोन बघितल्या, एकीचं किट आरसीवर नव्हतं, दुसरीचं पेडल नानांनी सांगितलं तसं. बाबा टेल्कोतून रिटायर झालेत. बोनेट उघडून त्यांनी पाऊण तास टॉर्च मारला, मग आतल्या एका पट्टीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, हा आमच्या शॉपचा माल. पुढे भाव करायची सोयच राहिली नाही. मालक हसत होता.

हिशोबनीस: अरे, २०२७ ला पंधरा वर्षं भरतात तिची! रिपासिंग, ५ हजार फी, टॅक्स वेगळा. एवढं सांगून...

नेक्सॉनवाला: म्हटलं होतं, नवीन घे.

आकुर्डीचे_आजोबा: शोभून दिसेल. वडिलांना नमस्कार सांग.

निगडीचा_नाना: टायमिंग बेल्ट कधी बदललाय, विचारलंस का?

प्रेसशॉप_मोशी: नाही.