रग्बीच्या रकमधील उंची गुडघ्यांतून कमी व्हावी
‘खाली वाका’ असे सतत ओरडले की खेळाडू रकमध्ये (जमिनीवरच्या चेंडूसाठी दोन्ही संघांचे खेळाडू उभ्याने एकमेकांना रेटतात तिथे) नीट शिरतात, हे मत मला पटत नाही. इथे बडोद्यात मुलांना शिकवताना दिसते की त्या आदेशावर ती केवळ पाठ वाकवतात, मानेला धोका निर्माण होतो आणि डोके व खांदे कमरेपेक्षा खाली गेल्याने रग्बीच्या नियम १५ नुसार प्रतिस्पर्ध्याला फ्री किक मिळते. म्हणून मी रकच्या दोन पावले आधी छातीच्या उंचीवर दोरी बांधतो आणि नजर समोर व पाठ सपाट ठेवून, बैठक मारताना वाकवतो तसे गुडघे वाकवून तिच्याखालून जायला सांगतो. (व्यायामगुरू जुम्मादादांच्या आखाड्याच्या या शहरात बैठक निराळी समजवावी लागत नाही.) दोरीखालून निघताच उभे होण्याची सवय मात्र चिवट असते, त्यासाठी धडकेनंतरही पाच आखूड पावले त्याच उंचीवर टाकून घ्यावीत.