जपानमध्ये नवीन घर + शाळेत इंग्लिश शिकवणं: शेजारी आणि शाळेचं जेवण, जाणकारांनी प्लीज सांगा

मंडळी, मार्चअखेरीस हामामात्सुला आलेय, सरकारी प्राथमिक शाळेत एएलटी म्हणून, म्हणजे इंग्लिशची असिस्टंट टीचर. इथे शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं त्यामुळे सगळं एकदमच अंगावर आलंय. वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवून झाला (१४ दिवसांत करावा लागतो), विमा झाला, गॅसवाला येऊन गेला, ते सगळं मार्गी लागलं. अडलंय शेजाऱ्यांपाशी आणि जेवणापाशी.

आज घरी आले तर दाराच्या हँडलला पिशवी लटकवलेली, आत क्लिपबोर्डला लावलेले कागद. कैरानबान (शेजाऱ्यांमध्ये घरोघरी फिरवतात ती सूचनांची फाइल) म्हणतात ते हेच ना? मोबाइल धरून भाषांतर केलं तर कचऱ्याच्या जागेच्या सफाईची पाळी आणि भूकंपाच्या ड्रिलबद्दल काहीतरी आहे. खाली आडनावांची यादी, माझ्या वरच्या सगळ्यांचे छोटे गोल लाल शिक्के, मग कुणीतरी पेनाने काताकानात (परकी नावं लिहायची जपानी लिपी) लिहिलेलं माझं आडनाव आणि पुढे रिकामा चौकोन. माझ्याकडे शिक्काच नाहीये. सही केली तर चालेल का आणि पुढे कुणाला द्यायचं, बेल वाजवून की कसं?

दुसरं, नवीन माणसानेच समोरच्या तीन आणि आजूबाजूच्या दोन घरी काहीतरी घेऊन जायचं असतं म्हणे. सांगलीला आमच्याकडे उलटं, सामान उतरायच्या आत शेजारच्या काकू चहा घेऊन हजर. आईने दिलेल्या भाजणीच्या चकल्या आहेत, त्या देऊ का?

आणि जेवण. मी शाकाहारी, अंडं-दूध चालतं. इथे मुलं पांढरे एप्रन न् टोप्या घालून स्वतःच वाढतात, सगळे वर्गातच एकत्र तेच जेवण जेवतात, बघायला फार गोड वाटतं, पण सूपपासून पालकाच्या भाजीपर्यंत सगळ्यात माशाची दाशी, म्हणजे मासा उकळून काढलेलं पाणी. डबा आणू का विचारलं तर उपमुख्याध्यापक हसून म्हणाले बघू या. हे हो होतं की नाही??

शिकवण्याचं बरं चाललंय. पाचवी-सहावीला इंग्लिश २०२० पासून रीतसर विषय आहे, पुस्तक आहे. तिसरी-चौथीला आठवड्यातून एकच तास, नुसत्या ॲक्टिव्हिटी, आणि तिथे वर्गशिक्षिका मागे जाऊन उभ्या राहतात. सगळीकडे असंच असतं का?

प्रतिसाद १:
सही बिनधास्त कर. यादीत तुझ्या खाली ज्यांचं नाव आहे त्यांच्याकडे द्यायचं, बेल नाही वाजवली तरी चालतं, पण दोन-तीन दिवसांच्या वर ठेवून घेऊ नकोस. हे चोनाईकाईचं, म्हणजे वस्तीच्या मंडळाचं काम. सभासद होणं ऐच्छिक असतं, पण कचऱ्याची जागा बऱ्याच ठिकाणी तेच सांभाळतात, कावळ्यांनी कचरा उपसू नये म्हणून घालतात ती जाळीसुद्धा, त्यामुळे मी तरी वर्गणी भरून मोकळा होतो. भेट द्यायचं म्हणशील तर अपार्टमेंटमध्ये डावी-उजवी आणि वर-खाली एवढीच घरं. पाचशे येनच्या आसपासचा टॉवेल नाहीतर बिस्किटांचा डबा पुष्कळ झाला. चकल्या नको, अनोळखी माणसाकडून घरचं सुटं खाणं घेताना लोक अवघडतात. स्टाफरूममध्येही नेशील ते एकेक पॅक केलेलं ने.

प्रतिसाद २:
अगं, मी पण शाकाहारी, नागोयाजवळ शाळेत आहे. बघू या म्हणजे बहुतेक त्यांना वर कुणालातरी विचारायचंय, तू मागे लाग, पण गोडीत. जेवणाचे पैसे दर महिन्याला कापतात त्यामुळे बंद करायचं तर आधीच सांगावं लागतं. ॲलर्जी आहे असं मात्र चुकूनही सांगू नकोस, इथे तो शब्द फार गंभीरपणे घेतात, पूर्ण किचन कामाला लागेल आणि नंतर निस्तरत बसशील. महिन्याचा मेनू आधी येतो, त्यात काय काय घातलंय तेही असतं, मी त्यावर खुणा करून ठेवते. भात, दूध, फळ जवळपास रोजचं, बाकी डबा वर्गातच मुलांबरोबर खाते. पहिला आठवडा सगळे डब्यात डोकावतात, मग कुणी बघत पण नाही.
वर्गशिक्षिकांचं म्हणशील तर कागदावर तास त्यांचाच असतो. आदल्या दिवशी पाच मिनिटं बसून 'हा भाग तुम्ही, हा मी' असं लिहूनच दे, त्यांनाही इंग्लिश बोलायचं टेन्शन असतं गं.

धागाकर्ती:
दोघांनाही खूप थँक्यू! क्लिपबोर्ड सही करून खालच्या मजल्यावर देऊन आले, आजी होत्या, बरंच काही बोलल्या, मी नुसती 'हाय हाय' (जपानीत हो हो) करत मान डोलावली. आता शिक्का करून घ्यावा म्हणते, काताकानात आपलं आडनाव कोरून देतात का कुठे?