लहान मुलांची बायबल वचन पाठांतर स्पर्धा: मुलं घाबरणार नाहीत अशी कशी घ्यायची? सल्ला हवाय

संडेस्कूलची ताई:
नमस्कार सगळ्यांना. मी चर्चच्या संडे स्कूलमध्ये ४ ते ८ वर्षांच्या मुलांना शिकवते. दरवर्षी आमच्याकडे वचन पाठांतराची स्पर्धा असते आणि ह्या वर्षी ती माझ्याकडे आलीय. गेल्या वर्षी काय झालं ते सांगते म्हणजे मी का विचारतेय ते कळेल. सहा वर्षांची एक मुलगी, स्तोत्र २३ घरी पूर्ण म्हणायची, सहाच्या सहा ओव्या, मीही वर्गात ऐकलं होतं. स्टेजवर आली, माईक तोंडासमोर धरला, दोन ओव्या म्हटल्या आणि तिसरीला थांबली. परीक्षकांनी घड्याळाकडे बघितलं आणि "वेळ संपली बेटा" म्हटलं. ती फ्रॉकची कड मुठीत धरून तशीच उभी राहिली, खालीही उतरेना. त्यानंतर तिची आई सांगते की घरी रात्री वचन म्हणायचं नाव काढलं तरी पोरगी उशीत तोंड खुपसते. मला हे फार लागलंय. जे वचन आयुष्यभर सोबत राहायला हवं त्याचीच भीती बसली तर आपण काय मिळवलं? स्पर्धा बंद करायची नाहीये, मोठ्या मुलांना आवडते ती. पण लहानांसाठी काय बदलू? अनुभव असेल तर प्लीज लिहा.

दोन पोरांची आई:
ताई, वाचून डोळ्यात पाणी आलं. माझ्या मते लहानांना एकेकट्याने स्टेजवर उभं करूच नका. आमच्याकडे सात वर्षांखालच्यांची स्पर्धा गटाने होते, पाच पाच मुलं गोल करून उभी राहतात आणि ज्याला आठवत नाही त्याला शेजारचा हळूच सांगतो, ते चालतं, उलट त्याचं कौतुक होतं. आणि वचनं आखूड निवडा ना. १ योहान ४:८ मधलं "देव प्रीती आहे" हे चार वर्षांचं मूल पण म्हणतं. "येशू रडला", योहान ११:३५, दोनच शब्द आहेत, पण माझ्या धाकट्याने लगेच विचारलं का रडला, मग लाजराची, म्हणजे येशूच्या मेलेल्या मित्राची, सगळी गोष्ट सांगावी लागली आणि ते वचन तो आजपर्यंत विसरला नाही. १ थेस्सलनी ५ मधल्या १६ ते १८ पण छान आहेत, "सर्वदा आनंदित असा, निरंतर प्रार्थना करा", हातवारे करून शिकवता येतात.

निवृत्त शिक्षक काका:
आधी अर्थ, मग पाठांतर, एवढं एक धरून ठेवा. मी स्तोत्र २३ शिकवत असताना, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही" ह्या पहिल्याच ओवीला एक मुलगा दर वेळी "मला काही ऊन पडणार नाही" म्हणायचा. दोन रविवार मी नुसतं दुरुस्त करत राहिलो, तिसऱ्या रविवारी जवळ घेऊन विचारलं तर म्हणाला, मेंढपाळ झाडाखाली नेतो ना, म्हणून ऊन नाही लागत. बघा, त्याने स्वतःपुरता अर्थ लावलाच होता, फक्त "उणे" हा शब्द त्याने आयुष्यात कधी ऐकलेला नव्हता. उणे म्हणजे कमी, असं बोटांवर वजाबाकी करून दाखवलं आणि ती चूक पुन्हा झाली नाही. म्हणून मी वचन द्यायच्या आधी त्यातले दोन तीन अवघड शब्द काढून घरातल्या भाषेत सांगतो.

हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्मरणशक्तीवर पुस्तक लिहिलं, सगळे प्रयोग स्वतःवरच केले होते. अर्थ नसलेले अक्षरगट पाठ करायला जेवढे कष्ट पडायचे त्याच्या साधारण दहाव्या भागात त्याची कविता पाठ व्हायची. आणि एकाच दिवशी घोकण्यापेक्षा थोडं थोडं दिवस सोडून म्हटलं तर कमी वेळा म्हणून भागतं, हेही त्याने दाखवलं. त्यामुळे स्पर्धेच्या आदल्या रात्री मुलाला बसवून पन्नास वेळा म्हणवून घेऊ नका असं पालकांना आत्ताच सांगा. रोज दोन मिनिटं, बस. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात पण घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना असंच म्हटलंय की.

शब्दसखी (स्पीच थेरपिस्ट):
मला एका गोष्टीवर बोलायचंय कारण ती नेहमी राहून जाते. तुमच्या वर्गात एखादं मूल बोलताना अडखळत असेल तर त्याला वेळेची मर्यादा ही शिक्षाच आहे. वाक्य त्याच्या तोंडातून काढून घेऊन तुम्ही पूर्ण करू नका, "सावकाश बोल" असंही म्हणू नका, फक्त त्याच्याकडे बघत थांबा. अडखळणारी बरीच मुलं सगळ्यांबरोबर एका सुरात म्हणताना किंवा गाताना अजिबात अडखळत नाहीत, तेव्हा जोडीने म्हणायची सोय सगळ्यांनाच ठेवा, म्हणजे ते मूल वेगळं पडणार नाही. वाचायला त्रास होणाऱ्या मुलांना कागद देऊन काही होत नाही, आईच्या किंवा तुमच्या आवाजात मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवा. आणि ज्याला माईकची भीती आहे त्याने बाजूच्या खोलीत एकट्या ताईला म्हणून दाखवलं तरी ते पूर्ण धरा.

जुना स्पर्धक:
थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. मी लहानपणी ह्याच स्पर्धांमुळे बायबल उघडायला लागलो, नंबर यायचा म्हणून पाठ करायचो हे खरंय पण पाठ झालेलं राहिलं. सगळ्यांना सारखंच बक्षीस दिलं तर नऊ दहा वर्षांच्या मुलांची मजा जाते. त्यांना नंबर असू दे, लहानांना नको, एवढंच.

अजून एक, संदर्भ चुकला म्हणून मार्क कापणं लहानांसाठी तरी बंद करा. अध्याय आणि ओव्यांचे आकडे मूळ लिखाणात नव्हतेच. अध्याय पाडले तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टनने आणि नव्या करारातल्या (बायबलच्या दुसऱ्या भागातल्या) ओव्यांना आज आपण वापरतो ते आकडे दिले रॉबेर एस्तिएनने १५५१ मध्ये. पाच वर्षांच्या मुलाने योहान ३:१६ च्या जागी ३:६१ म्हटलं तर काय बिघडलं, पुस्तकाचं नाव सांगितलं तरी शाबासकी द्या.

निवृत्त शिक्षक काका:
जुना स्पर्धक, पटलं. लहानांना मी दुसऱ्या मुलाशी तुलना न करता त्यांच्या स्वतःच्या मागच्या महिन्याशी करतो, एक कार्ड असतं, त्यावर झाड काढलेलं, प्रत्येक वचनाला झाडाचं एक पान रंगवायचं, झाड भरत जातं. आणि योहान ३:१६ द्यायचंच असेल तर तुकडे पाडा. मुलं नेहमी "अशासाठी की" ह्या ठिकाणी अडतात, कारण तिथे वाक्य वळतं. मी तिथे सगळ्यांना एक पाऊल पुढे टाकायला लावतो. पाऊल टाकलं की पुढचं आपोआप आठवतं.

दोन पोरांची आई:
आणि भाषांतर आधी ठरवा!! आमच्याकडे अर्ध्या घरात जुनं भाषांतर, अर्ध्या घरात सोपं, पोरं बरोबर म्हणत होती आणि परीक्षक चूक देत होते. कुठलंही एक ठरवा आणि तो उतारा छापून सगळ्यांना द्या, नाहीतर दोन्ही चालतील असं परीक्षकांना आधीच सांगून ठेवा.

संडेस्कूलची ताई:
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. पाळकांशी (आमच्या चर्चच्या धर्मगुरूंशी) बोलले, सात वर्षांखाली नंबर नाहीत आणि घड्याळ नाही हे त्यांनी मान्य केलं. एकच शंका, ती मुलगी, तिला ह्या वर्षी भाग घे म्हणू की नको? जबरदस्ती वाटायला नको.

शब्दसखी:
ताई, तिला लगेच पाठांतर विचारू नका. आधी एखादं काम द्या, चिठ्ठ्या वाटायचं, कार्डं रंगवून ठेवायचं. ती त्या खोलीत हसत वावरली की अर्धं काम झालं. मग काहीतरी असं द्या ज्यात विसरणं शक्यच नाही. स्तोत्र १३६ घ्या, २६ ओव्या आहेत आणि प्रत्येकीच्या शेवटी एकच ओळ येते, त्याची दया सनातन आहे. पहिला भाग तुम्ही किंवा मोठी मुलं म्हणा, ती ओळ लहानांनी सगळ्यांनी मिळून म्हणायची. तीन वर्षांचं मूलही तिसऱ्या चौथ्या वेळेला बरोबर येतं.

संडेस्कूलची ताई:
काल तिच्या घरी जाऊन आले. स्पर्धेचं काहीच बोलले नाही, नुसतं कार्डावरचं झाड दाखवलं आणि रंगवायला मदत करशील का विचारलं. हिरव्या रंगाच्या तीन पेन्सिली काढून बसली. मग निघताना स्तोत्र १३६ चं सांगितलं, म्हटलं फक्त शेवटची ओळ म्हणायची आहे. तिने मला विचारलं, "सगळे बरोबर म्हणणार ना? मी एकटी नाही ना?" मी म्हटलं सगळे, मी पण. रविवारी पहिली प्रॅक्टिस आहे, कळवते.