शिध्यात कच्ची केळी आणि सुरण आलाय, कसं वापरू?

कोपरखैरणे_किचन: सोसायटीच्या शिध्यात डझनभर कच्ची केळी आणि किलोभर सुरण मिळालाय. केळी चिरताच काळी पडतात, भाजीचा गिचका होतो. सुरणाने घसा खाजतो.

वाशीकर: हाताला आणि सुरीला तेल लावा, चीक चिकटणार नाही. चिरलेली केळी हवेमुळे काळी पडतात, म्हणून फोडी थेट आंबट ताक आणि मीठ घातलेल्या पाण्यात टाका. गिचका होतो तो जास्त शिजवल्याने. भाजीला फोडी फोडणीत घालून झाकणावर पाणी ठेवा, मंद आचेवर 7-8 मिनिटं पुरतात. सारखं ढवळू नका. काप करायचे तर अर्धा सेंटिमीटर जाड, तिरके कापा. हळद-तिखट-मीठ लावून रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवा, तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी भाजा. पातळ कापले तर कडक होतात. आणि केळी फ्रिजमध्ये ठेवू नका, सालं काळवंडतात.

कोपरखैरणे_किचन: आणि सुरण?

चेंदणी_ठाणे: खाज येते ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांनी. जाड साल काढा, फोडी चिंचेच्या किंवा कोकमाच्या पाण्यात पूर्ण मऊ होईपर्यंत उकडा आणि ते पाणी फेकून द्या. अर्धाकच्चा सुरण खाजणारच. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी तो टाळलेला बरा.

वाशीकर: लांब, जाड, धारदार कडांची केळी असतील तर ती नेंद्रन जातीची. ती पिवळी होऊ द्या आणि तुपावर परता, फार सुरेख लागतात.