बिब फाईलमधली पोर्तुगीज नावं बिघडलीत, कुठलं साधन घेऊ?

ताळगाव_पठार: प्रबंध लेटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत लिहितेय, विषय गोव्यातली जुनी मराठी आणि पोर्तुगीज नियतकालिकं. माझी नि मैत्रिणीची संदर्भांची बिब फाईल एकत्र केली. मराठी नोंदी नीट आहेत, पण पोर्तुगीज नावांत सेडिला आणि तिल असलेल्या (ç, ã अशा) अक्षरांच्या जागी कुठे दोन-दोन भलतीच चिन्हं, कुठे नुसतं प्रश्नचिन्ह. पहिल्या ओळीत ‘% एन्कोडिंग: यूटीएफ-८’ (म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत) लिहिलेलं आहे, तरी असं. पैसे खर्च करायचे नाहीत, लॅपटॉप जुना, सोमवारी प्रकरण द्यायचंय.

म्हापसा_बाजार: एंडनोट घ्या, संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर आहे. माझी अख्खी पीएचडी त्यावर झाली. पैसे जातात, पण डोकं शांत राहतं.

कुळागर: अहो, त्या पैसे नाहीत म्हणतायत. झोटेरो घ्या, फुकट आहे. जॅबरेफपण.

म्हापसा_बाजार: फुकटचं ऐन वेळी दगा देतं. लॅपटॉपही बदला, जुन्यावर प्रबंध होत नाहीत.

डिचोलीकार: बाय, आमच्या वेळी याहून वाईट होतं. डीटीपीवाल्याने सगळी मराठी ग्रंथसूची जुन्या फॉन्टात करून दिली. फॉन्ट काढला की नुसती रोमन अक्षरं! पैसे मात्र पूर्ण घेतले. कन्व्हर्टर शोधा.

कुळागर: ते दुखणं वेगळं. यांची मराठी ठीक आहे, पोर्तुगीज बिघडलंय.

साळ_नदी: साधन नंतर, आधी फाईल बघा. पहिली ओळ म्हणजे नुसती पाटी. जॅबरेफ ती वाचतं. लेटेकसाठी संदर्भसूची बनवणारं बिबटेक नोंदींबाहेरचा मजकूर सोडूनच देतं. पाटी बदलली म्हणून आतले बाइट बदलत नाहीत. (तिथल्या % वरही जाऊ नका. बिब फाईलीत % लावून नोंद बंद होत नाही, @ दिसला की बिबटेक वाचायला लागतं.)

मैत्रिणीची फाईल बहुधा विंडोज-१२५२ या जुन्या एन्कोडिंगमध्ये होती. सेडिलाचं अक्षर तिथे एका बाइटचं, यूटीएफ-८ मध्ये दोन बाइटचं. यूटीएफ-८ चा मजकूर १२५२ समजून उघडला की एकाची दोन चिन्हं होतात. ती बहुतेक वेळा परत आणता येतात. प्रश्नचिन्ह होऊन सेव्ह झालं असेल तर अक्षर गेलंच, कुठल्याही किमतीचं सॉफ्टवेअर ते आणणार नाही. दोन्ही मूळ फाईली असतील तर मैत्रिणीची तेवढी आयकॉन्व्ह या एन्कोडिंग बदलायच्या साधनाने यूटीएफ-८ मध्ये बदला आणि मग जोडा. जोडलेल्या फाईलवर चालवलंत तर आधीच यूटीएफ-८ असलेल्या मराठीची वाट लागेल. शेवटी जॅबरेफ-मेटाची कॉमेंट दिसली तर उडवू नका, तुमचे गट त्यात असतात.

शापोरा: नोटपॅडमध्ये उघडून यूटीएफ-८ म्हणून सेव्ह करा, झालं. झोटेरोही चांगलं आहे.

म्हापसा_बाजार: नोटपॅड सुरुवातीला बीओएम (एन्कोडिंगची न दिसणारी खूण) चिकटवतं, नको.

शापोरा: विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, आपोआप चिकटवत नाही.

साळ_नदी: बीओएम असला तरी बिबटेकला फरक पडत नाही, तो पहिल्या @ च्या आधी येतो. खरी अडचण बिबटेकचीच. ते बाइट मोजतं, देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटांचं. आद्याक्षर काढायला गेलं की त्याचा तिसरा हिस्सा उचलतं. बिबटेकऐवजी बिबलेटेक आणि बायबर ही जोडी घ्या, दोन्ही फुकट.

कुळागर: बायबरच. मीही तेच सांगणार होतो.

ताळगाव_पठार: सगळ्यांचे आभार. साळ_नदी, तुमच्यामुळे उलगडा झाला. मैत्रिणीकडे मूळ फाईल उरलेली नाही. तिच्या नोंदी मी पणजीत पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात अंक समोर ठेवून पुन्हा टाईप करणार, दोन चिन्हंवाल्यासुद्धा. १९११ च्या पोर्तुगीज शुद्धलेखन सुधारणेआधीची नावं तिने नव्या पद्धतीने लिहिलीत, मला छापलेलं रूप हवंय. ते कुठलंच सॉफ्टवेअर देणार नाही.

साळ_नदी: बरोबर आहे. पण बायबर तरी लावा.

ताळगाव_पठार: नाही, विभागाचा साचा बिबटेकचा आहे. ‘प्लेन’ शैली घेतली, ती आद्याक्षरं काढत नाही, पूर्ण नाव छापते. मराठी नोंदी रोमननंतर एकगठ्ठा येतात, मला तशाच हव्या होत्या. प्रकरण बुधवारी देते असं मार्गदर्शकांना कळवलंय.

म्हापसा_बाजार: एंडनोटची महिनाभराची मोफत चाचणी असते, बघा.