प्रतिसाद: सोकॅट ठीक, पण बॉड रेटचं काय?

अंधेरीच्या गाळ्यातल्या लिनक्स पीसीला सीरियल पोर्टने लावलेला वजनकाटा ठाण्यात बसून वाचायचा, असा मूळ प्रश्न. त्यावर कुणीतरी सोकॅट (पोर्टचा डेटा नेटवर्कवरून पुढे पाठवणारं साधन) सुचवलंय. चालतं, पण एक गोम आहे. साध्या टीसीपी जोडणीतून नुसते बाइट जातात; तुम्ही इकडे बॉड रेट (सीरियल पोर्टचा वेग) ९६०० चा १९२०० केलात तरी तिकडच्या पोर्टला पत्ताच नसतो. काट्याचा वेग ठरलेला असेल तर तिकडेच एकदा सेट करून टाका, विषय संपला. सॉफ्टवेअरमधून बदलायचा असेल तर मात्र आरएफसी २२१७ (पोर्टच्या सेटिंग्ज नेटवर्कवरून पाठवायची ठरलेली पद्धत) हवं. १९९७ चं आहे, टेलनेट या जुन्या प्रोटोकॉलवरूनच बॉड, पॅरिटी (चूक तपासायचा बिट), डीटीआर (तयार असल्याचा सिग्नल) वगैरे कळवतं. गाळ्यात सेर२नेट (सीरियल पोर्ट नेटवर्कवर देणारा प्रोग्राम), इकडे पायथनची पायसीरियल लायब्ररी. सेर२नेटच्या कॉन्फिगमध्ये टेलनेटला आरएफसी २२१७ चा पर्याय द्यायला विसरू नका, मी विसरलो होतो.

आणि यूएसबी-सीरियल अडॅप्टरला लिनक्स देतं त्या टीटीवाययूएसबी० या नावावर विसंबू नका. आमच्याकडे पावसात लाइट जाऊन आली आणि शून्याचा एक झाला. अर्धा दिवस वायरी बदलत बसलो! बाय-आयडी फोल्डरखालचं, अडॅप्टरच्या ओळखीवरून पडणारं नाव वापरा. (एकसारखे दोन स्वस्त अडॅप्टर असतील तर बाय-पाथ, म्हणजे कुठल्या यूएसबी सॉकेटला लावलंय त्यावरून पडणारं नाव.)

सेर२नेटचं नेटवर्क पोर्ट इंटरनेटवर उघडं टाकू नका. लोकलहोस्टवरच (फक्त त्याच पीसीपुरतं) ठेवा आणि एसएसएच टनेलने (एन्क्रिप्टेड वाटेने) आत या.